‘कोणतीही व्यक्ती’: डंकेल प्रस्तावानंतरचा औषधांचा लढा

भारताच्या पेटंट कायद्याचे पंचविसावे कलम हरकतींविषयी आहे. पेटंटसाठी आलेला अर्ज प्रसिद्ध झाला की, पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्यावर लेखी हरकत घेता येते. ही हरकत कोणी घ्यायची? कायदा म्हणतो, ‘कोणतीही व्यक्ती’ घेऊ शकते. ती प्रतिस्पर्धी कंपनी असण्याची गरज नाही. शास्त्रज्ञ किंवा वकील असण्याचीही नाही.

या दोन शब्दांच्या आधारावर गेल्या वीस वर्षांत मुंबईतील कर्करुग्णांसाठी काम करणारी एक संस्था पेटंट कार्यालयात गेली. मणिपूरमधील एचआयव्हीबाधितांचे संघटन गेले. ब्राझीलमधील एका संस्थेने टेनोफोव्हिर या एड्सवरील औषधाविषयीची हरकत भारतात येऊन नोंदवली. क्षयरोगाच्या उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या दोन तरुणी, एक मुंबईची आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेची, मुंबईच्या पेटंट कार्यालयापुढे उभ्या राहिल्या. यांतल्या बऱ्याच हरकती यशस्वीही झाल्या.

ज्या कायद्यात हे कलम आहे, तो कायदा जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे करावा लागला होता. त्यामुळे प्रश्न पडतो की, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हक्कांसाठी आखलेल्या कराराच्या अंमलबजावणीत सामान्य रुग्णाला जागा मिळाली कशी? १९९० च्या दशकाचा इतिहास आपल्याकडे साधारणपणे असा सांगितला जातो: डंकेल प्रस्ताव आला, मोर्चे निघाले, सरकारने सही केली आणि आंदोलन हरले. ही हकिगत खोटी नाही, पण ती १५ एप्रिल १९९४ ला, मराकेशच्या सहीपाशी थांबते. सही झाल्यानंतर काही मोजक्या माणसांनी तो करार ओळीओळीने वाचला, त्यात शिल्लक राहिलेली जागा शोधली आणि ती जागा देशाच्या कायद्यात उतरवून घेतली. हा दुसरा भाग पहिल्याहून कमी गाजला. औषधांच्या किमतींवर मात्र त्याचाच परिणाम अधिक झाला.

१९७० चा वारसा

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा लागू होता. औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळत असल्याने तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवण्याची मुभा कोणाला नव्हती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात या कायद्याची चिकित्सा केली. भारतातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या नावावर होती आणि त्यांतील बहुतेकांच्या आधारे देशात उत्पादन होतच नव्हते. पेटंटचा उपयोग कारखाना काढण्यासाठी होण्याऐवजी, इतरांनी कारखाना काढू नये यासाठी होत होता. त्याच सुमारास अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने काही औषधांच्या भारतातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, अशी नोंद केली. एक गरीब देश औषधांसाठी श्रीमंत देशांपेक्षा जास्त पैसे मोजत होता.

पिंपरीला १९५४ मध्ये उभारलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना हे या परिस्थितीला दिलेले एक उत्तर होते. दुसरे उत्तर कायद्यातून आले. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. अन्न, औषधे आणि रसायने यांच्याबाबत त्याने वस्तूवरचे पेटंट रद्द केले आणि फक्त प्रक्रियेवरचे पेटंट ठेवले. औषधाच्या बाबतीत तेही मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यांपैकी जी मुदत आधी संपेल तेवढेच. आता तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवणारा रसायनशास्त्रज्ञ गुन्हेगार राहिला नाही. मुंबईत १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेली सिप्ला आणि इतर देशी कंपन्या या कायद्याच्या छायेत वाढल्या. औषधे स्वस्त झाली, आणि भारत इतर देशांनाही ती पुरवू लागला.

डंकेलचे दिवस

गॅट करारांतर्गत वाटाघाटींची उरुग्वे फेरी सप्टेंबर १९८६ मध्ये पुंता देल एस्ते येथे सुरू झाली. तोवर गॅटचा विषय मुख्यतः आयातशुल्काचा होता. या फेरीत विकसित देशांनी शेती, सेवा आणि बौद्धिक संपदा हे विषय टेबलावर आणले. भारत आणि ब्राझील यांनी सुरुवातीला बौद्धिक संपदेच्या विषयाला विरोध केला. एप्रिल १९८९ मध्ये जिनिव्हात हा विरोध ढिला पडला. त्या काळात गॅटमध्ये भारताचे राजदूत असलेले एस. पी. शुक्ला पुढे निवृत्तीनंतर या कराराचे खंदे टीकाकार झाले.

दिल्लीत १९८८ मध्येच ‘नॅशनल वर्किंग ग्रुप ऑन पेटंट लॉज’ हा गट स्थापन झाला होता. त्याचे निमंत्रक होते बी. के. केयला, एक माजी सनदी अधिकारी. निवृत्त न्यायाधीश, शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि देशी औषध उद्योगाशी संबंधित मंडळी त्यात होती. मोर्चे काढणे हे या गटाचे काम नव्हते. मसुदे वाचायचे, त्यांवर टिपणे काढायची, ती खासदारांपर्यंत पोहोचवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने औषधांच्या किमती आणि अनावश्यक औषधे हा विषय आधीपासून लावून धरला होता. डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते तो प्रश्न अखिल भारतीय पातळीवरील ‘ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क’शी जोडत होते. कायद्याच्या भाषेत बोलणारे आणि आरोग्याच्या भाषेत बोलणारे असे दोन प्रवाह येथे एकत्र आले.

गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा मसुदा २० डिसेंबर १९९१ रोजी प्रसिद्ध झाला. तो अखंड घ्यायचा किंवा अखंड नाकारायचा, अशी त्याची रचना होती. एखादे प्रकरण वगळून बाकीचे स्वीकारण्याची सोय नव्हती. ‘डंकेल’ हा शब्द गावोगावच्या सभांत पोहोचला. शेतकऱ्यांमध्ये मात्र एकमत नव्हते. कर्नाटकात नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने बियाण्यांवरील मक्तेदारीच्या भीतीने तीव्र विरोध केला. डिसेंबर १९९२ मध्ये बंगळूरमधील कारगिल या बियाणे कंपनीच्या कार्यालयावर त्यांचे कार्यकर्ते चालून गेले. महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने खुल्या व्यापाराचे स्वागत केले. सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उलट निर्यातबंदी आणि लेव्हीच्या मार्गाने त्याच्याकडून वसूल करते, ही ‘उणे सबसिडी’ खुल्या बाजारात टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेतीमालाच्या व्यापाराविषयी हा युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. औषधांच्या पेटंटचा प्रश्न वेगळा होता. तिथे करार व्यापार खुला करत नव्हता, उलट वीस वर्षांची मक्तेदारी सर्व देशांवर बंधनकारक करत होता. ‘जागतिकीकरणाच्या बाजूने की विरोधात’ या एकाच तराजूत दोन्ही गोष्टी तोलल्या गेल्यामुळे त्या वेळच्या चर्चेचे नुकसान झाले.

१५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशला सही झाली. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या ‘ट्रिप्स’ करारानुसार औषधांवर वीस वर्षांचे वस्तू-पेटंट देणे बंधनकारक झाले. ज्या विकसनशील देशांत ते नव्हते त्यांना १ जानेवारी २००५ पर्यंत मुदत मिळाली. तोपर्यंत येणारे अर्ज एका ‘मेलबॉक्स’मध्ये स्वीकारून ठेवायचे होते.

दहा वर्षांची मुदत

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर १९९४ रोजी अध्यादेश काढला. त्याची जागा घेणारे विधेयक लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत अडले आणि १९९६ मध्ये लोकसभेसोबत संपुष्टात आले. पेटंट गटाची टिपणे वाचलेले खासदार डाव्यांपासून उजव्यांपर्यंत सर्व पक्षांत होते. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. सप्टेंबर १९९७ मध्ये तंटा मंडळाने आणि डिसेंबरमध्ये अपील मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. शेवटी मार्च १९९९ मध्ये मेलबॉक्सची तरतूद करणारी दुरुस्ती झाली.

वरवर पाहता हा पराभवच होता. पण या वर्षांत दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, नव्या व्यवस्थेत कागदाला काय किंमत आहे हे लक्षात आले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. आजीच्या बटव्यात ही गोष्ट आहे, एवढे सांगून भागत नव्हते. छापील पुरावा हवा होता. जुने संस्कृत व उर्दू ग्रंथ आणि १९५३ चा वैद्यकीय नियतकालिकातील एक निबंध असे संदर्भ गोळा केले गेले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्यासाठी डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि अमेरिकी कृषी खाते यांना युरोपात मिळालेल्या पेटंटविरुद्ध वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेती संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये हरकत घेतली. ते २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. नव्या व्यवस्थेच्या दारात उभे राहून घोषणा देता येतात, तसे आत जाऊन तिच्याच नियमांनी वादही घालता येतो, याचा हा अनुभव होता.

दुसरी गोष्ट म्हणजे एड्स. १९९६ नंतर तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने एचआयव्हीबाधितांचे आयुष्य वाढू लागले. पण त्याची किंमत माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती. आफ्रिकेत लाखो रुग्ण मरत होते. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधे आणण्यासाठी १९९७ मध्ये कायदा केला, तेव्हा औषध उद्योग न्यायालयात गेला. या दाव्यात ३९ कंपन्या होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचे मिश्रण ‘मेदसां सां फ्राँतिए’ या वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केले. ही औषधे भारतात कायदेशीरपणे बनत होती, कारण १९७० चा कायदा अजून जिवंत होता. जगाला पहिल्यांदाच औषधाची किंमत आणि औषध बनवण्याचा खर्च यांतील अंतर आकड्यांत दिसले. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतील दावा मागे घेतला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे व्यापारमंत्र्यांची परिषद झाली. भारताचे मुरासोली मारन यांनी तेथे ताठर भूमिका घेतली होती. आफ्रिकी देश, भारत आणि ब्राझील यांनी रेटा लावला. बाहेरून आरोग्यसंस्थांचा दबाव होता. १४ नोव्हेंबरला ट्रिप्स आणि सार्वजनिक आरोग्य यांविषयी घोषणापत्र मान्य झाले. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी पावले उचलण्यास हा करार आड येत नाही व येता कामा नये, आणि सक्तीचा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यायचा हे प्रत्येक देश ठरवू शकतो, असा त्याचा आशय होता. ट्रिप्सचा मजकूर एका शब्दानेही बदलला नव्हता, पण तो कसा वाचायचा हे बदलले.

मार्च २००५

मुदत संपत आली, तेव्हा दिल्लीत संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते आणि ते डाव्या पक्षांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते. २६ डिसेंबर २००४ रोजी सरकारने अध्यादेश काढून वस्तू-पेटंट आणले. त्याचा मसुदा बऱ्याच अंशी आधीच्या सरकारने २००३ मध्ये मांडलेल्या विधेयकावर बेतला होता. १९७० च्या कायद्यात हरकतीचा हक्क फक्त हितसंबंध असलेल्या व्यक्तीला होता. अध्यादेशात मंजुरीपूर्वीची हरकत कोणालाही घेता येणार होती, पण कारणे मोजकी होती आणि हरकतदाराला सुनावणीचा अधिकार नव्हता. अर्ज करा आणि विसरून जा, असा तो हक्क होता.

पुढचे तीन महिने महत्त्वाचे ठरले. केयलांचा गट, ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे वकील, एचआयव्हीबाधितांची संघटने, देशी औषध उत्पादकांची संघटना आणि डावे पक्ष यांच्यात सतत देवघेव चालू होती. भारतीय औषधांवर जगणारे रुग्ण जगभर होते, त्यामुळे परदेशांतूनही पत्रे येत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स विभागाचे संचालक जिम याँग किम यांनी डिसेंबर २००४ मध्येच भारताच्या आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहून ही चिंता कळवली होती. डाव्यांच्या मतांशिवाय विधेयक संमत होणार नव्हते. त्यामुळे या मंडळींनी अनेक वर्षे तयार ठेवलेली टिपणे अखेर दुरुस्त्यांच्या रूपात कायद्यात शिरली. लोकसभेने २२ मार्चला आणि राज्यसभेने २३ मार्च २००५ ला विधेयक संमत केले.

त्यातून काय मिळाले? एक, हरकतीचा हक्क ‘कोणत्याही व्यक्ती’ला अकरा कारणांसह आणि सुनावणीसह मिळाला. दोन, मेलबॉक्समधील अर्जावर पुढे पेटंट मिळाले तरी आधीपासून ते औषध बनवणाऱ्या देशी कारखान्याला वाजवी रॉयल्टी देऊन उत्पादन चालू ठेवता येणार होते. तीन, ज्या देशांत कारखाने नाहीत त्यांच्यासाठी सक्तीच्या परवान्याने औषध बनवून निर्यात करण्याची सोय झाली. आणि चार, कलम ३(ड).

कलम ३(ड) समजायला कंपन्यांची एक पद्धत समजून घ्यावी लागते. रेणूचे पेटंट वीस वर्षांचे असते. ते संपण्याआधी त्याच रेणूचा एखादा क्षार, एखादे स्फटिकरूप, एखादे मिश्रण यावर नवा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबते. ३(ड) म्हणते की, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने त्याची ज्ञात परिणामकारकता वाढत नसेल, तर तो शोध मानला जाणार नाही. पेटंटसाठी नावीन्य हवे, हे ट्रिप्स सांगते. पण नावीन्य म्हणजे काय याची व्याख्या त्याने केलेली नाही. भारताने ती मोकळी जागा भरली.

चळवळीची मागणी याहून मोठी होती. फक्त पूर्णतः नव्या रासायनिक रेणूंनाच पेटंट द्यावे, असे त्यांना हवे होते. तो प्रश्न सरकारने माशेलकर समितीकडे सोपवला. अशी मर्यादा ट्रिप्सशी विसंगत ठरेल, असा निष्कर्ष समितीने डिसेंबर २००६ मध्ये दिला. अहवालातील काही मजकूर दुसऱ्या एका अभ्यासातून जसाच्या तसा आल्याचे टीकाकारांनी दाखवून दिल्यावर समितीने तो फेब्रुवारी २००७ मध्ये मागे घेतला. २००९ मध्ये सुधारित अहवाल सादर झाला, निष्कर्ष मात्र तोच राहिला. हळदीच्या लढाईचे सेनापती या वादात चळवळीच्या समोरच्या बाजूला होते. पेटंटविषयीचे मतभेद देशभक्त आणि देशद्रोही अशा खात्यांत मांडता येत नाहीत, हे यावरून दिसते.

ग्लिव्हेक

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब हे औषध जवळजवळ क्रांतिकारक ठरले. मूळ रेणूवर नोव्हार्टिसच्या पूर्वीच्या कंपनीने १९९३ मध्ये परदेशांत अर्ज केला होता. त्या वेळी भारतात औषधावर पेटंट मिळत नव्हते. १९९८ मध्ये नोव्हार्टिसने त्याच रेणूच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी चेन्नईच्या कार्यालयात अर्ज केला. तो मेलबॉक्समध्ये पडला. नोव्हेंबर २००३ मध्ये तिला एकाधिकार विक्रीहक्क मिळाला. कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होता, तर देशी औषधाचा आठ ते दहा हजार.

मुंबईत १९६९ पासून काम करणाऱ्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ने नव्या कायद्याचा आधार घेऊन हरकत नोंदवली. देशी कंपन्यांनीही नोंदवली. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात केवळ निर्णयाला नव्हे, तर ३(ड) या कलमालाच आव्हान दिले. ते रद्द झाले असते तर हरकतीचे सर्वांत धारदार हत्यार गेले असते. खटला मागे घ्या, असे सांगणाऱ्या जागतिक मोहिमेत चार लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायालयाने कलम वैध ठरवले. ते ट्रिप्सशी सुसंगत आहे की नाही हे ठरवण्याचे ठिकाण आपले न्यायालय नव्हे, असेही सांगितले.

अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०१३ रोजी लागला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने म्हटले की, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता. नवे रूप शरीरात तीस टक्के अधिक शोषले जाते, एवढ्याने भागत नाही. त्यामुळे रोग्याला अधिक गुण येतो, हे दाखवावे लागेल. कंपनीचेही एक म्हणणे होते. आपण बहुसंख्य भारतीय रुग्णांना हे औषध मोफत देतो, असे ती सांगत होती आणि मोफत वाटपाचा तिचा कार्यक्रम खरोखर चालू होता. संस्थेच्या वतीने लढणारे ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर आणि त्यांचे सहकारी यांच्या दृष्टीने वादाचा मुद्दा वेगळा होता: औषध मिळणे हे कंपनीच्या औदार्यावर अवलंबून राहावे, की बाजारात ते परवडणाऱ्या किमतीला मिळावे?

हरकतींचा काळ

ग्लिव्हेकचा गाजावाजा झाला, पण त्याच सुमारास इतर हरकतीही चालू होत्या. मार्च २००६ मध्ये मणिपूरमधील एचआयव्हीबाधितांच्या संघटनेने कॉम्बिव्हिर या दोन जुन्या औषधांच्या मिश्रणावरील अर्जाला हरकत घेतली. काही महिन्यांतच कंपनीने अर्ज मागे घेतला. २००८ मध्ये लहान मुलांसाठीच्या नेव्हिरॅपिन सिरपवरील अर्ज फेटाळला गेला. त्याविरुद्ध बाधितांच्या संघटना लढल्या होत्या. २००९ मध्ये टेनोफोव्हिरवरील अर्जही नामंजूर झाले.

मार्च २०१२ मध्ये दुसरी एक तरतूद प्रथमच वापरली गेली. मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या नेक्सावार औषधासाठी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. मूळ कंपनीला सहा टक्के रॉयल्टी ठरली, ती नंतर सात टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हा परवाना कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्यानंतर भारतात दुसरा सक्तीचा परवाना दिला गेलेला नाही.

मुंबईशी सर्वांत जवळचे प्रकरण बेडाक्विलिनचे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर कित्येक दशकांनी आलेले हे नवे औषध. त्याआधी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांपैकी काहींची श्रवणशक्ती कायमची जाई. मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि केप टाउनजवळच्या खायेलित्शाची फुमेझा तिसिले या दोघींनी हेच सोसले होते. बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने त्याच्या एका क्षारासाठी केलेला अर्ज मंजूर झाला असता, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. महाराष्ट्रातील एचआयव्हीबाधितांच्या संघटनेची हरकत आधीच होती. २०१९ मध्ये या दोघींनी आपली हरकत दिली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि त्या जुलैनंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. ज्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ आहे, त्या कलमामुळेच या दोन व्यक्तींचा अनुभव एका कायदेशीर कार्यवाहीचा भाग होऊ शकला.

या यशाच्या मर्यादा

हा इतिहास विजयगाथा म्हणून सांगणे चुकीचे ठरेल. भारतात औषधांवर दरवर्षी मोठ्या संख्येने पेटंटे मंजूर होतात आणि त्यांतल्या फारच थोड्या अर्जांवर कोणी हरकत घेते. हरकत घ्यायला रसायनशास्त्र जाणणारा माणूस लागतो, वकील लागतो, वर्षानुवर्षे टिकणारा निधी लागतो. दिल्ली-मुंबईतील मूठभर संस्थांपलीकडे हे कौशल्य पसरलेले नाही. सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो. ज्या रुग्णासाठी लढा आहे, त्याला आपल्या भाषेत तो क्वचितच समजावून सांगितला गेला. डंकेलच्या वेळी मराठीत जेवढी पुस्तिका-सभांची चर्चा झाली, तेवढी पुढच्या, अधिक महत्त्वाच्या टप्प्यात झाली नाही.

दुसरी मर्यादा देशी कंपन्यांच्या भूमिकेची. रुग्ण आणि देशी उत्पादक काही अंतर एकत्र चालले, पण दोघांचे गाव एक नव्हते. हेपटायटिस-सी वरील सोफोस्बुव्हिर या औषधाबाबत हे उघड झाले. गिलिअड कंपनीने २०१४ पासून अनेक भारतीय कंपन्यांशी ऐच्छिक परवान्याचे करार केले. पेटंटला हरकत घेणाऱ्या नॅटकोनेही मार्च २०१५ मध्ये असा परवाना घेतला. रुग्णसंघटना हरकत घेऊन उभ्याच राहिल्या, परंतु २०१६ मध्ये ते पेटंट मंजूर झाले. परवान्यामुळे भारतात औषध स्वस्त मिळाले हे खरे. पण ते कोणत्या देशांना विकायचे, हे परवाना देणारी कंपनी ठरवू लागली.

पुढचा कागद

जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटी थंडावल्या तशा व्यापाराच्या अटी दोन बाजूंच्या करारांत ठरू लागल्या. युरोपीय संघाशी २००७ मध्ये बोलणी सुरू झाली, तेव्हा औषधचाचण्यांच्या माहितीवर मक्तेदारी देण्याची मागणी पुढे आली. ट्रिप्सने मागितले नव्हते तेही आता मागितले जात होते. मार्च २०११ मध्ये हजारो एचआयव्हीबाधित या मागणीविरुद्ध दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. पुढे ती बोलणी थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांच्या गटाशी मार्च २०२४ मध्ये करार झाला. त्याच महिन्यात भारताच्या पेटंट नियमांत बदल झाले. मंजुरीपूर्वीच्या हरकतीला, जी पूर्वी निःशुल्क होती, आता शुल्क पडते. हरकत दाखल करून घ्यायची की नाही, हे नियंत्रक आधी ठरवतो. पेटंटधारकाने आपल्या पेटंटचा देशात वापर केला की नाही याचे विवरण पूर्वी दरवर्षी द्यावे लागे, ते आता तीन वर्षांतून एकदा द्यायचे आहे. नेक्सावारच्या परवान्यात अशाच विवरणांचा उपयोग झाला होता. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात औषधे उपलब्ध करण्याचा श्रेयस्कर मार्ग म्हणून ऐच्छिक परवान्याला पसंती दिली आहे.

यांतल्या कोणत्याही बदलाने कलम ३(ड) रद्द केलेले नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्दही कायद्यात तसेच आहेत. पण हक्क कागदावर तसाच ठेवून त्याच्याकडे जाणारी वाट अरुंद करता येते. २००४ चा अध्यादेश हेच करू पाहत होता. त्या वेळी संसदेत दुरुस्त्यांसाठी अडून बसणारी मते होती आणि त्या दुरुस्त्या लिहून तयार ठेवणारे लोक होते. नियमांतले बदल मात्र अधिसूचनेने होतात आणि व्यापारकरार सही होईपर्यंत गोपनीय असतात. संसदेत मतदानाची वेळ येतच नाही.

१९९४ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांना आपण हरलो असे वाटले, तर ते स्वाभाविक होते. त्यांच्यातल्या ज्यांनी नंतरची अकरा वर्षे मसुदे वाचण्यात घालवली, त्यांच्यामुळे २००५ चा कायदा त्याच करारातून निघूनही वेगळा झाला. आज वाचायचा कागद बदलला आहे. तो आता जिनिव्हाऐवजी ब्रुसेल्स, लंडन आणि दिल्लीत लिहिला जातो आणि सही होण्यापूर्वी हाती लागत नाही. तो वाचण्याची, आणि मराठीत समजावून सांगण्याची, तयारी आपल्यापैकी किती जणांची आहे, यावर पुढच्या एखाद्या औषधाची किंमत ठरणार आहे.